कमरेइतकं पाणी

फळ्याची फळी सापडली, फळ्या सापडला नाही. लाटांवर फळी घेऊन नाचतो म्हणून ओळखीपाळखीचे सगळे त्याला फळ्याच म्हणायचे. फळीचा एका बाजूचा लचका तुटलेला होता. मासेमारी करणाऱ्यांनी तो पाहिला आणि नजरा वळवल्या. शार्कशिवाय दुसऱ्या कुणाचं ते काम नव्हतं.

प्रेत नाही म्हणून मृत्यूचा दाखला मिळेना. चौकशी बसली. बंदर कचेरीत अधिकाऱ्याने फळ्याच्या थोरल्या बहिणीला खुर्ची दिली, पाणी दिलं. माणूस सभ्य होता.

"ताई, निसर्गापुढे कुणाचं काय चालतं? दोष तरी कुणाला द्यायचा?"

"ज्याचा आहे त्याला," ती म्हणाली.

ती होड्यांची शिडं शिवायची. दुपारी तिच्या कारखान्यात किनाऱ्यावरच्या हॉटेलचा जीवरक्षक आला. बसला नाही, दारातच चुळबुळत उभा राहिला.

"ताई, त्या सकाळी मी धोक्याचा लाल बावटा लावला होता. हॉटेलच्या मालकांनी उतरवायला लावला. म्हणाले, सुट्टीचे दिवस आहेत, पाहुणे पळून जातील. बावटा नाही असं बघून फळ्या पाण्यात गेला."

"मग हे जबानीत का नाही सांगितलंस?"

"मालक शेजारीच बसले होते. माझ्या पोटावर पाय आला असता."

"आणि माझ्या भावाच्या पोटावर काय आलं?"

तो खाली मान घालून निघून गेला.

घरी येऊन तिने आईला सगळं सांगितलं. हॉटेलच्या काचा फोडते, छत्र्या पेटवते, म्हणाली. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. फळ्याचा शर्ट तिने तसाच मांडीवर ठेवला होता.

"काचा काय, उद्या नव्या बसतील," आई म्हणाली. "माझं पोर ज्या पाण्यात गेलं, त्या पाण्यात त्या मालकाला उभा कर."

स्थळपाहणीच्या दिवशी मालक पांढरे बूट घालून हजर होता. कडेला जीवरक्षक होता, पाहुणे मोबाइल काढून उभे होते. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मालक म्हणाला, "साहेब, इथलं पाणी म्हणजे घरचा हौद. त्या दिवशीही होतं, आजही आहे."

"मग चला की," ताई म्हणाली. "घरच्या हौदात उतरायला लाज कसली?"

कुणीतरी फिसकन हसलं. मालकाने इकडेतिकडे पाहिलं, बूट काढले, पँट दुमडली. ताईने त्याचं मनगट धरलं. जाड कापडातून सुया ओढून ओढून तिच्या बोटांना सांडशीची पकड आली होती.

घोट्याइतक्या पाण्यात तो विनोद करत होता. गुडघ्याशी आल्यावर विनोद आटले. मांड्या भिजल्या तसा तो म्हणाला, "बस झालं बाई, झाली पाहणी."

"माझा भाऊ याच्याही पुढे होता."

पाणी कमरेला लागलं. शेवाळाची एक लांब दोरी त्याच्या पायाला गुंडाळली गेली आणि तो किंचाळलाच. हिसके देऊ लागला. तिने दुसऱ्या हातानेही धरलं.

"काही आहे खाली! सोडा मला!"

"हौदात काय असणार?" ती त्याच्या कानाशी म्हणाली. "बोल, त्या सकाळी काय बघितलं होतंस?"

"शार्क! गच्चीवरून बघितला होता! मीच बावटा उतरवायला लावला! सोड ना गं, तुझ्या पाया पडतो!"

अधिकारी बुटांसकट पाण्यात उतरला होता. त्याने शब्द न् शब्द ऐकला. "ताई, सोडा त्यांना," तो म्हणाला. तिने लगेच सोडलं नाही. एक लाट मालकाच्या नाकातोंडात जाऊ दिली, मग सोडलं. तो चार पायांवर वाळूत आला आणि भडाभडा ओकला.

त्याच जागी जीवरक्षकाने जबानी बदलली. दाखला मिळाला. मालकाला अटक झाली, हॉटेलला टाळं लागलं.

त्या दिवशी ओल्या कपड्यांनीच ती घरी गेली. आईने विचारलं, "रडला का?"

"रडला. माझ्या पाया पडतो म्हणाला."

आईने तिच्या हातात कोरडा टॉवेल दिला. मग म्हणाली, "लोक म्हणतात, सूड घेऊन बरं वाटत नाही."

"मला बरं वाटलं," ताई म्हणाली, आणि न्हाणीघरात जाऊन तिने अंगावरचं खारं पाणी धुतलं. अजून खटला उभा राहायचा होता. प्रत्येक तारखेला ती पहिल्या बाकावर बसणार होती, त्याला दिसेल अशी.