येसरावर आळ

माझे सासरे व्यंकटराव, म्हणजे आमचे मामा, रिटायर मुख्याध्यापक. कंधारच्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून घर हीच त्यांची शाळा. गुडघे दुखायला लागले तेव्हा त्यांचा एका डॉक्टरावर भरवसा बसला नाही. एक गोळी गावातल्या डॉक्टरांची, दुसरी नांदेडच्या हाडांच्या डॉक्टरांची, तिसरी देगलूरच्या मित्रानं स्वतःला गुण आला म्हणून पाठवलेली. मामा तिन्ही पहाटे चहाच्या आधी घ्यायचे. उपाशीपोटी औषध चांगलं भिनतं, हा त्यांचाच शोध.

गुडघे सुधारले, पण पोट जळायला लागलं. आरोपी शोधायला मामांना वेळ लागला नाही.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई पार्वतीबाई. भाजलेल्या धान्य-मसाल्यांचं पीठ करून त्या जी येसर आमटी करतात, तिच्यासाठी लातूरहून पाहुणे येतात. माझी नणंद राजकन्या हिच्या लेकीच्या, लुंबिनीच्या लग्नात आमटी त्यांच्याच हातची, हे ठरलेलं. पण साखरपुड्यात भर पंगतीत मामा म्हणाले, "हिच्या येसरानं माझं आतडं जाळलं. लग्नाला आचारी लावा."

घरी आल्यावर आत्याबाईंनी पळी माझ्या हातात दिली. माझ्या हाताला चव नाही हे मला मान्य आहे, पण ते रोज सिद्ध करायची माझी इच्छा नव्हती. मामांची जळजळ माझ्या अळणी वरणावरही तशीच राहिली.

"जुना येसर आत साचलाय, निघायला येळ लागंल," मामा म्हणायचे. आत्याबाईंना तेही खरं वाटायचं. असा राग यायचा मला!

मग एका सकाळी मामांना डांबरासारखं काळं शौचाला झालं आणि चक्कर आली. माझे यजमान आनंदराज यांनी गाडी थेट नांदेडला काढली. डॉक्टरांनी दुर्बीण घातली. पोटात जखमा, त्यातून रक्त.

"सर, रोज काय घेता?" वॉर्डात डॉक्टरांनी मामांना विचारलं.

"येसर."

"गोळ्या विचारतोय."

मामांनी खिशातून तिन्ही पाकिटं अभिमानानं काढली. डॉक्टरांनी ती उलटीपालटी करून पाहिली. "नावं तीन आहेत, जात एकच. ज्या द्रव्यानं सूज आणि दुखणं वाढतं, ते ही गोळी कमी करते. पण तसंच द्रव्य पोटाचं अस्तरही राखतं. गोळीला गुडघा कुठला आणि पोट कुठलं, कळत नाही. तुम्ही तर तिप्पट घेतली, वर उपाशीपोटी. आता किडनीही तपासावी लागेल."

आत्याबाई पुढं आल्या. "म्हंजी माझ्या आमटीनं न्हाई?"

"नाही, आजी. तिखटानं जळजळ वाढते, पण या जखमा गोळ्यांच्या आहेत."

त्या हमसून हमसून रडायला लागल्या. "मला वाटून राहिलं होतं, मीच इतकी वर्षं यांना जाळून राहिले."

मामांचा चेहरा उतरला. सलाईन लावलेला हात तसाच ठेवून त्यांनी दुसऱ्या हातानं फोन मागितला. "राजकन्येला लाव. आचारी नको म्हणून सांगतो."

आत्याबाईंनी डोळे पुसले. "स्पीकरवर टाका."

मामांनी शाळेतल्या प्रार्थनेच्या मैदानावरचा आवाज लावला. "राजकन्ये, चूक माझी हाय. तुझ्या आईच्या हातानं मला जगवलं, गोळ्या मीच खाल्ल्या. आचारी रद्द कर."

पलीकडून माझी नणंद म्हणाली, "बाबा, आचारी सांगितलाच कुठं? आईच्या येसराबिगर लगीन होतं व्हय? तुमचं मनावर घेतलं कुणी?"

सगळा वॉर्ड हसला. आत्याबाई पदर तोंडाला लावून हसल्या, आणि मामांनी त्यांचा हात धरला तो डॉक्टर परत येईपर्यंत सोडला नाही.