बाजारात पुकारलेले नाव

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा भोंगा आहे. गंजलेला आणि एका बाजूने चेपलेला. मी अजून भंगारात कसा गेलो नाही, असे तुम्हाला वाटेल. पण या खुंटीवरून मला काढायचा धीर या घरात कोणालाच होत नाही.

माझा जन्म अमडापूरचा. महाराष्ट्र राज्य नुकतेच झाले होते. दयाराम नावाच्या तरुणाने रॉकेलचा रिकामा डबा कापून, ठोकून मला घडवले. दयाराम घरातला पहिला मॅट्रिक. त्याचे वडील कचरूबाबा चिखलीला रंगराव अडत्यांच्या दुकानात पोती उचलत. पूर्वी गावात दवंडी द्यायचे काम याच घराकडे होते. डफडे वाजवत दारोदार ओरडायचे आणि शिळेपाके मागून आणायचे. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या दिवशी कचरूबाबांनी ते डफडे चुलीत घातले. आपला मुलगा टेबलाशी बसून लिहील, या एकाच आशेवर ते पोती वाहत होते.

दयारामने कितीतरी अर्ज केले. कोणी उघडूनही पाहिले नाहीत. रंगरावांनी तर त्याचा अर्ज न वाचताच तराजूखाली सरकवला. तेव्हा त्याला तंबूतल्या सिनेमाचा माणूस आठवला. तो भोंग्यातून ओरडत फिरला की सगळा बाजार मान वळवून बघे. कागद वाचत नाहीत, निदान ऐकतील तरी, असे दयारामला वाटले. मलाही वाटले. मी किती हुरळून गेलो होतो म्हणून सांगू!

बाजाराच्या दिवशी तो चिखलीच्या अडत लाइनीत एका ओट्यावर चढला. धुतलेला सदरा, तेल लावून चापून बसवलेले केस. त्याने मला ओठांशी धरले. मग तो माझ्यातून बोलला, "मी दयाराम. अमडापूरचा. मॅट्रिक पास आहे. हिशेब येतो, अक्षर चांगले आहे. मला कारकुनाचे काम हवे आहे."

बाजार थांबला. लोक जमले. माझी छाती अभिमानाने भरून आली. मग गर्दीतून रंगराव पुढे आले आणि हसत म्हणाले, "आवाज तं खणखणीत हाये बे तुया. कारकुनी राहू दे. रोज सकायी माया दुकानाची दवंडी देत जाय. रक्तातच हाये तुमच्या."

लोक हसले. मित्रांनो, भोंगा नवा होता, पण त्या बाजाराचे कान जुनेच होते. दयारामला हे आधी सुचले नाही, आणि मला तर काहीच कळत नव्हते.

गर्दीच्या मागे कचरूबाबा पाठीवर पोते घेऊन उभे होते. त्यांनी ते हळूच खाली ठेवले आणि घराची वाट धरली. त्या दुकानात ते पुन्हा गेले नाहीत. मिळेल तिथे शेतमजुरी करू लागले, छातीचे दुखणे अंगावर काढू लागले. आपण डफडे जाळले आणि पोराने भोंगा उचलला, हे त्यांच्या मनातून जाईना; मुलाशी बोलणे त्यांनी टाकले. त्याची आई चांगुणाबाई दोघांना वेगवेगळे वाढी आणि पदराने डोळे पुसे.

पुढे एकदा गावातून बोलावणे आले. सभा आहे, दवंडीवाल्याला पाठवा म्हणून. दयाराम आत गोठून बसला. दार कचरूबाबांनी उघडले. त्यांना दम लागला होता.

"इथं दवंडीवाला कोणी नाही," ते म्हणाले. "माया पोराचं नाव दयाराम हाये. मॅट्रिक हाये तो. त्याले नावानं हाक मारा."

मुलाबद्दल त्यांच्या तोंडून निघालेले हे शेवटचे शब्द. त्याच हिवाळ्यात ते गेले.

वर्षभराने मेहकरच्या एका कचेरीत दयारामला कारकुनाची जागा मिळाली. एका साहेबाने त्याचा अर्ज वाचला होता. एवढेच. त्या संध्याकाळी त्याने मला खुंटीवरून काढले आणि वडिलांना जिथे मूठमाती दिली होती तिथे नेले. मला तोंडाशी लावले. पण आवाज फुटेना. माझ्यात नुसता त्याचा श्वास घुमत राहिला. शेवटी त्याने मला खाली ठेवले आणि अगदी हळू म्हणाला, "बा, टेबल भेटलं."

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असे मी म्हणत नाही. गंजू द्या मला. पण उद्या कोणी कागद घेऊन तुमच्या दारात आला, तर तो वाचा. त्याला त्याच्या नावाने हाक मारा. त्याच्यावर भोंगा करायची वेळ आणू नका.