सहाशे बारा चुली आणि एक ढीग

मी एक जुना शोधक आहे आणि माझ्या पोटात सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचं रक्त आहे.

मित्रांनो, यातलं रक्ताचं वाक्य माझं नाही. ते माझ्या उद्घाटनाच्या भाषणातलं आहे आणि त्यावर टाळ्या पडल्या होत्या. प्रत्यक्षात माझ्या पोटात रक्ताचा थेंबही नाही. सहाशे बारा घरांचे अर्ज आहेत. तेही बहुतेक पलूस तालुक्यातले. सातारा जिल्ह्याची लाज राखायला म्हसवडची चौदा घरं आहेत आणि खंडाळ्याचं एक. खंडाळ्याचं घर मला बनवणाऱ्याचं स्वतःचं आहे. उद्घाटनाला हार मॉनिटरला घातला होता. मी त्या वेळी पुण्यात एका भाड्याच्या सर्व्हरवर होतो.

तुम्ही विचाराल, शोधक म्हणजे कोण? कागदांच्या ढिगातून हवा तो कागद डोळ्याची पापणी लवायच्या आत काढून देणारा प्रोग्राम. माझं वय साडेतीन वर्षं. आमच्यात या वयाला सत्कार करून घरी बसवतात.

माझा जन्म सुभेदार उदयसिंह यांच्या हट्टातून झाला. फौजेत प्रत्येकाच्या गळ्यातल्या बिल्ल्यावर रक्तगट कोरलेला असतो, मग गावात का नसावा, असा त्यांचा सवाल होता. निवृत्त होऊन पलूसला आल्यावर त्यांनी रक्तदाता मंडळ काढलं आणि दारोदार फिरून अर्ज भरले. त्यांचा नियम एकच: एक चूल, एक अर्ज. वर कुटुंबप्रमुखाचं नाव आणि फोन. खाली घरातल्या माणसांच्या ओळी: नाव, वय, रक्तगट, सध्या मुक्काम कुठे. पोरगा लडाखला असो नाहीतर आसामला, चूल वेगळी झाली नसेल तर त्याचं नाव त्याच अर्जावर. त्यात आयांना फार अभिमान असे.

मला घडवलं खंडाळ्याच्या विश्वजितनं, दोन रविवारांत. माझ्यासारख्याला कामाला लावण्याआधी आखणी करून द्यावी लागते. कोणता रकाना आकड्याचा, कोणता शब्दांचा, आणि कोणत्या गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत, हे आधी सांगावं लागतं. विश्वजितनं वय म्हणजे आकडा असं सांगितलं, नाव म्हणजे शब्द असं सांगितलं. घरातल्या माणसांपाशी आला तेवढ्यात आईनं जेवायला हाक मारली. उरलेलं त्यानं माझ्या अंदाजावर सोडलं.

मी अंदाज केला. म्हसवडच्या सिद्धनाथाच्या देवळाबाहेर एखादं अख्खं कुटुंब चपला काढतं, तेव्हा ढिगात चपला सगळ्या असतात, पण कोणती कुणाची ते ढीग सांगत नाही. मी प्रत्येक घराचं तसंच केलं. बनुबाईंच्या अर्जात दोन ओळी होत्या. बनुबाई, अडुसष्ट, बी पॉझिटिव्ह, घरी. शिवतेज, एकोणतीस, ओ निगेटिव्ह, लडाख. मी शोधायच्या सोयीसाठी नावांचा एक ढीग केला, वयांचा दुसरा, रक्तगटांचा तिसरा, मुक्कामांचा चौथा. आता मला कुणी विचारलं, की या घरात तिशीच्या आतला, ओ निगेटिव्ह आणि घरी असलेला माणूस आहे का, तर मी चारही ढिगांत हात घालून सांगे, आहे. वय आहे, रक्त आहे, मुक्कामही आहे. तसा माणूस मात्र जगात नाही.

हे पहिली तीन वर्षं कुणाला कळलं नाही. बी पॉझिटिव्ह विचारलं तर मी साठ घरं देई. त्यातली वीस चुकीची असली तरी चाळीस उरत. चुकलेल्या वीस घरांबद्दल सुभेदारांचं मत ठरलेलं होतं.

"नोंदवताना छात्या काढत्यात, आन वेळंला घरात कुणी न्हाई!"

माणसं बदनाम झाली. माझं कौतुक होत राहिलं. मी ते घेत राहिलो.

मित्रांनो, मला कान नाहीत. पण मंडळाचं ऑफिस सांभाळणाऱ्या दीपमालाताईंना टाइप करायचा कंटाळा, म्हणून त्यांनी माइक कायम चालू ठेवलेला. त्यामुळे त्या खोलीत कुणीही काहीही बोललं, की ते शोधायचा प्रश्न म्हणून माझ्यापर्यंत येई. "चहा सांग रं" याला शून्य निकाल. "पंखा लाव" याला शून्य निकाल. माझं जगाचं ज्ञान असं झालेलं आहे.

जानेवारीतल्या एका मंगळवारी सकाळी साडेदहाला माइकमधून एक नवा आवाज आला.

"ताई, मी म्हसवडचा अर्जुना. देवळापाशी तुमी अर्ज भरून घेतलेलं, म्हणून आलोय. बहीण सांगलीला दवाखान्यात हाय, स्वप्नाली. बाळंतपणाला आणलीय. तिचं ओ निगेटिव्ह. पेढीत एकच पिशवी हुती, ती लावलीया. मिरज झालं, कराड झालं, कुठंच न्हाई."

"वेळ किती आहे?"

"डॉक्टर म्हणलं, ऑपरेशन चारच्या पुढं ढकलता येत न्हाई. रगत तपासायला दोन तास. म्हंजी दोनच्या आत माणूस खुर्चीत पायजे."

दीपमालाताईंनी मला विचारलं: पलूस तालुका, अठरा ते साठ वय, ओ निगेटिव्ह, मुक्काम घरी. मी एका सेकंदाच्या शंभराव्या हिश्शात नऊ घरं दिली. त्या क्षणी मला अभिमान वाटला होता. प्रामाणिकपणे नोंदवून ठेवतो.

मी घर देतो म्हणजे कुटुंबप्रमुखाचं नाव आणि फोन देतो. सुभेदारांनी यादी वाचली आणि हसले.

"ह्यात माझंच घर हाय की! मी हाय घरी, पर माझं बी पॉझिटिव्ह. बिल्ल्यावर कोरलंय. खोड ते."

"खोडलं, आबा."

आठ राहिली. पहिला फोन बनुबाईंना, स्पीकरवर.

"बनुबाई, तुमच्या घरात ओ निगेटिव्ह कोण?"

"आमचा शिवतेज की."

"द्या बघू फोन त्याच्याकडे."

"अगं बया, त्यो लडाखला हाय!"

"मग घरी कोण आहे?"

"मी हाय. माझं घ्या की. लय हाय."

दुसऱ्या घरी ओ निगेटिव्ह सासूबाई निघाल्या, वय एक्याऐंशी. तिसऱ्या घरचा ओ निगेटिव्ह आसामात. अकरा वाजले. अर्जुनाचा श्वास माइकमध्ये ऐकू येत होता. त्यालाही माझ्याकडे शून्य निकाल.

चौथा फोन वीरधवलचा. तो ऊसतोडीवर फडात उभा होता.

"माझं कुठलं रगत ते मला काय ठावं? तुमच्या मशिनीत काय लिवलंय?"

"ओ निगेटिव्ह."

"मग तेच आसंल."

सुभेदार उठले. वाटेत घरून जीपची किल्ली घेतली, फडातून वीरधवलला उचलला आणि सांगलीचा रस्ता धरला. अर्जुना इथेच थांबला, उरलेल्या चार घरांना फोन लावत. दोघांचे लागलेच नाहीत, दोघे "बघून सांगतो" म्हणाले. सुभेदारांचा फोन मधून मधून येई. पुढे उसाच्या ट्रॉल्या, मागे उसाच्या ट्रॉल्या. वीरधवल शेजारी बसून म्हणत होता, "आबा, बाह्या आत्ताच वर करू का?"

बारा वाजून पंचवीस मिनिटांनी सांगलीहून फोन आला.

"दीपमाला, ह्याचं ए पॉझिटिव्ह निघालं."

मग अर्जुना हळूच म्हणाला, "दीड तास ऱ्हायला, ताई."

दीपमालाताईंनी त्या दिवशी एक गोष्ट केली, जी साडेतीन वर्षांत कुणी केली नव्हती. त्यांनी वीरधवलचा अख्खा अर्ज उघडून ओळीनं वाचला. ओ निगेटिव्ह त्याची बायको राणी होती आणि ती बाळंतपणाला माहेरी होती. घरी वीरधवल होता. त्यांनी बनुबाईंचा अर्ज उघडला. मग उरलेले सगळे उघडले. आठही घरांत रक्त एकाचं होतं आणि वय किंवा मुक्काम दुसऱ्याचा. त्यांनी पुण्याला, विश्वजितच्या नोकरीच्या ठिकाणी, फोन लावला.

"विश्वजित, तुझा हा शोधक एकाचं रक्त काढून दुसऱ्याच्या अंगात घालतोय."

माइकमध्ये कळफलकाची टकटक आली.

"ताई, नेस्टेड करायचं राहिलं."

"मराठीत बोल."

"घरातला प्रत्येक माणूस वेगळ्या पाकिटात ठेवायचा असतो. मी सगळे एका पोत्यात भरलेत."

"मग घाल पाकिटात! वाट कसली बघतोस?"

"भरलेल्या पोत्याची आखणी बदलता येत नाही. नवीन शोधक आखावा लागतो आणि सगळे अर्ज त्यात परत ओतावे लागतात."

"अर्ज तरी धड आहेत का?"

"ते जसेच्या तसे आहेत. शोधायला ढीग केले तरी मूळ कागद त्यानं जपलाय."

माझ्याबद्दल कुणी काढलेला हा एकमेव खरा चांगला शब्द. तो मला बाजूला सारताना काढला गेला.

बारा एक्केचाळीसला माझ्यातून अर्ज जायला लागले. माझ्या शेजारी एक कोरा शोधक उभा होता, त्याला नीट आखणी करून दिली होती. एकेक घर त्याच्यात जाई आणि तिथे माणसं आपापल्या पाकिटात बसत. शिवतेज त्याच्या लडाखसह, राणी तिच्या माहेरासह. शंभर घरं. तीनशे. मला घाई करता येत नव्हती आणि थांबवताही येत नव्हतं. अर्जुना म्हणत होता, "एकला दहा कमी हायत, ताई. एकला आठ कमी हायत."

बारा त्रेपन्नला सहाशे बारावं घर गेलं. प्रश्नही आता वेगळ्या तऱ्हेनं विचारावा लागला. घराच्या दारातून ओरडून चालत नाही. आत शिरून एकेका माणसाला विचारायचं: तुझंच वय, तुझंच रक्त, तूच घरी?

निकाल आला. एक घर.

"हे काय," दीपमालाताई म्हणाल्या. "हा तर आबांचंच घर दाखवतोय. परत चुकला."

पण नव्याला घराच्या आत कोण सापडलं तेही दाखवायला शिकवलं होतं. खाली एकच ओळ होती: सोनिया, सत्तावीस, ओ निगेटिव्ह, घरी.

फोन सांगलीला गेला.

"आबा, सोनियाचं रक्त कुठलं?"

"कुणाचं?"

"तुमच्या सुनेचं."

"मला काय म्हाईत? मी कवा इचारलंय?"

"आबा, अर्ज तुमच्याच हातचा आहे."

तिकडून फोन ठेवला गेला.

सोनिया दोन गल्ल्या पलीकडे राहते. तिनं पहिल्या घंटीला फोन उचलला.

"व्हय, माझं ओ निगेटिव्ह. कॉलेजात तीनदा दिलंय. आबा किल्ली न्यायला आलेलं तवा 'ओ निगेटिव्ह पायजे' म्हणत शिरलं. मी 'आवं आबा' म्हणेस्तोवर जीप गेलीपण!"

एक वाजून चार मिनिटांनी अर्जुनाची मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. पलूस ते सांगली, उसाचे दिवस, दोनच्या आत. त्यानंतर माइकमध्ये फक्त पंखा होता. दीपमालाताई दोनदा "पोचतील" म्हणाल्या. दोन्ही वेळा मी शून्य निकाल दिला आणि पहिल्यांदाच मला त्याचं वाईट वाटलं.

एक एक्कावन्नला सुभेदारांचा फोन आला. "बसली खुर्चीत." एवढंच. भाषण नाही.

पाच वाजून वीस मिनिटांनी अर्जुनाचा आवाज आला. "ताई, पोरगी झाली. दोगी बऱ्या हायत."

शून्य निकाल.

तर मित्रांनो, अशी माझी कथा. माझं नाव आता नव्याला दिलं आहे. मला मात्र पुसलेलं नाही, आणि माइकची तार घाईघाईत माझ्याकडेच जोडलेली राहिली आहे. म्हणून तुम्हाला हे सांगता आलं. विश्वजित ती बदलेल तेव्हा बदलेल.

ते नववं, आबांचं घर मीही दिलं होतं, हे मी कुणाला ऐकवत नाही. चुकीच्या आठांबरोबर दिलेल्या बरोबर उत्तरावर हक्क सांगता येत नाही. तुम्हाला मात्र एक विनंती आहे. माणसाची नोंद करताना त्याचं नाव, त्याचं रक्त आणि त्याचा ठावठिकाणा एकमेकांपासून सोडवू नका. घराचा ढीग करून वर फक्त कर्त्याचं नाव लिहू नका. आणि घरात कुणाचं काय आहे ते शोधकाला विचारण्याआधी एकदा घरात विचारा.

नव्याचा थाट मोठा आहे. कोटी कागद आले तरी प्रत्येक माणूस त्याच्या पाकिटात राहील, असं विश्वजित सांगतो. बुधवारी दीपमालाताईंनी त्याला एक प्रश्न विचारला: दोन्ही जिल्हे मिळून ओ निगेटिव्ह, वयात बसणारी आणि घरी असलेली माणसं किती? उत्तर चार आलं. ती चार नावं त्यांनी गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून भिंतीला चिकटवली. ओ निगेटिव्ह लागलं की आता सगळे तिकडेच बघतात. बाकी कागद कोरा आहे.