एकच चूक

परीक्षेच्या खोलीत मी पहिला शब्द टाइप केला आणि पडद्यावर भलतंच उमटलं. दुसऱ्या शब्दाचीही तीच गत. मग लक्षात आलं, इथे कळफलकावर अक्षरांची मांडणी नवी आहे आणि माझी बोटं जुन्या मांडणीवर तयार झालेली.

"सर, मांडणी बदलून द्या ना. एक बटण दाबलं की होतं."

"ते लॉक आहे, बाई," पर्यवेक्षक म्हणाले. "परिपत्रक आलं होतं."

ऑफिसातली सगळी परिपत्रकं मीच टाइप करते. हे तेवढं माझ्यापर्यंत आलं नव्हतं! अकरा वर्षं मी हंगामी. पास झाले तर कायम, नाहीतर महिनाअखेर घरी. आणि वय असं की पुढच्या वेळी फॉर्मसुद्धा भरता येणार नाही.

दहा मिनिटांतली दोन मी कोंबडीने दाणे टिपावेत तशी एकेक कळ शोधण्यात घालवली. चार शब्द झाले. रडू येत होतं, पण रडायलाही वेळ नव्हता. मग माझं डोकंच फिरलं. सगळं पुसलं, नजर उताऱ्यावर ठेवली आणि जुन्याच मांडणीने हाणत सुटले. उतारा पूर्ण केला.

निकाल जागेवरच छापून मिळाला. अर्धं पान कचरा, खाली गुण शून्य.

घरी सासूबाईंनी कागद ओढून घेतला. त्या स्वतः तीस वर्षं टायपिस्ट. मला शिकवलं त्यांनीच. कळांकडे पाहिलं की पट्टी बसायची.

"नव्या मांडणीचा तक्ता दाखव."

मी मोबाईलवर काढून दिला. त्या एकेक अक्षर तक्त्यात शोधायच्या, त्या जागी टेबलावर बोट टेकवायच्या आणि तिथलं जुनं अक्षर पुटपुटायच्या. कचऱ्यातून उतारा निघायला लागला. चहा गार झाला तरी त्या उठल्या नाहीत.

"एकच चूक," शेवटी त्या म्हणाल्या. "तिसऱ्या ओळीत. पास आहेस गं तू!"

"आई, मशीन नाही म्हणतंय."

"मशीनला काय कळतंय!" त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग चुकीभोवती गोल केला आणि कागद माझ्या हातात दिला. "पुढच्या वेळी घाई करू नकोस."

वयाचं मी त्यांना सांगितलं नव्हतं.