सतरावा रविवार

"मान वर करा, साहेब. गळ्याखाली राहिलीय."

त्यांनी मान वर केली. डावा गाल करून झाला होता, उजव्यावर अजून फेस होता.

"आज सोमवार. पोराचा फोन येईल," ते म्हणाले.

"येईल की."

"पूर्वी रविवारी करायचा. चर्चची उपासना झाली की बाराच्या ठोक्याला. आता सोमवारी करतो. रविवार कुठे घालवतो कोण जाणे."

मी रेझर पाण्यात हलवला. त्या दिवशी सोमवार नव्हताच. रविवार होता. चांगला लख्ख रविवार, आणि मी त्या माणसाची दाढी करत होते. असा हा सतरावा रविवार.

या माणसाने जन्मात कधी रविवारी गालाला पातं लावलेलं नव्हतं. रविवारी दाढी नाही, नखं नाहीत, वर्तमानपत्र नाही, बाजार तर नाहीच नाही. चर्चच्या मंडळीचे मुख्य पंच होते ते, सव्वीस वर्षं. ताठ बसायचे, ताठ चालायचे आणि दुसऱ्याचं वाकडं कुठे आहे ते बरोबर शोधून काढायचे. त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना फूटपट्टी म्हणत. आता काचबिंदूने दोन्ही डोळे गेले होते, मांडीचं हाड मोडून वर्ष झालं होतं, आणि मुलगा-सून दुसऱ्या शहरात. चौथ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत ते आणि मी. भांडीवाली यायची, पण ती त्यांना इतकी टरकून असायची की स्वयंपाकघराच्या बाहेर पाऊल टाकायची नाही.

एजन्सीने मला कागद दिला तेव्हा मी पेशंटचं नाव वाचलं आणि पुन्हा वाचलं. दुसरीकडे पाठवा म्हणाले असते तर पाठवलंही असतं. मी म्हणाले, चालेल. त्यांनी मला शेवटचं पाहिलं तेव्हा मी बारा वर्षांची होते, दोन वेण्या घालत होते. पन्नाशीच्या नर्सच्या आवाजावरून ते काय ओळखणार?

माझे बाबा त्याच चर्चचे घंटेवाले. रविवारी घंटा वाजवायची, शनिवारी सगळं चर्च झाडून-पुसून बाकं चकचकीत करायची, आणि राहायला मागची एक खोली. अठरा वर्षं तक्रारीला जागा नव्हती. मग बाबांनी पवित्र शास्त्र स्वतः वाचायला घेतलं, आणि तिथेच सगळं फिसकटलं. ते आईला म्हणाले, "देवाने विसावा घेतला तो सातव्या दिवशी. सातवा म्हणजे शनिवार. त्याच दिवशी मी फडकं मारत बसतो." पुढच्या आठवड्यापासून त्यांनी सफाई शुक्रवारी उरकायला सुरुवात केली. घंटा रविवारी वाजवत राहिले. कुणाशी वाद नाही, कुणाला उपदेश नाही. पण शुक्रवारची पुसलेली बाकं रविवारपर्यंत धूळ धरतात. फूटपट्टीने बाकावरून बोट फिरवलं, बोट पाहिलं, आणि चौकशी लागली.

एका संध्याकाळी पंचांनी बाबांना आत बोलावलं. मी बाहेर पायरीवर बसून होते. ते बाहेर आले तेव्हा मंडळीच्या यादीतून त्यांचं नाव गेलं होतं, नोकरी गेली होती आणि खोलीही. आम्ही हातगाडीवर सामान घालून निघालो तेव्हा रोज 'काय घंटेवाले' म्हणणारी माणसं खिडक्या लावून बसली होती. बाबा पुढे बर्फाच्या कारखान्यावर रखवालदार झाले. दर शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून एकटेच खाटेवर पुस्तक घेऊन बसायचे. ते गेले तेव्हा मंडळीच्या कब्रस्तानात आईशेजारी जागेसाठी मी अर्ज पाठवला; आईचं नाव यादीतून गेलं नव्हतं. चार ओळींचं उत्तर आलं, जागा नाही. खाली सही याच माणसाची.

तर असं होतं सगळं. चार महिन्यांपूर्वी साहेबांना ताप भरला, चार दिवस दवाखान्यात काढावे लागले. घरी आणलं त्या दिवशी शनिवार होता. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी विचारलं, "सिस्टर, आज वार कोणता?"

आधी ठरवलं नव्हतं, खरंच सांगते. तोंडातून आलं, "रविवार."

"मग माझा कोट द्या," ते म्हणाले.

मी त्यांना कोट घातला. त्यांना उशांना टेकवून बसवलं. त्यांनी हात जोडले, गीत म्हटलं, प्रार्थना केली. ज्याने शनिवारपायी माझ्या बापाला रस्त्यावर आणलं तो कोट घालून शनिवार पाळत होता, आणि मी दारात उभी राहून बघत होते. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी, खऱ्या रविवारी, मी गरम पाणी घेऊन गेले. "सोमवार उजाडला साहेब, दाढी करू या."

पुढे डोळ्यांत तेल घालून सांभाळलं. रेडिओचे सेल संपले ते मी आणलेच नाहीत. चर्चचा नवा पाळक एकदा गुरुवारी डोकावला, घाईत प्रार्थना करून गेला. मुलाचा फोन दोन मिनिटांचा: औषधं घेता ना, जेवता ना, ठेवू का. बापाला कोणता वार वाटतोय, याची चौकशी कोण करणार?

पण सूड असा एकटीनेच चाखत बसायचा म्हणजे जीव रमत नाही. ज्याचा घ्यायचा त्यालाच पत्ता नाही, तर काय उपयोग? मी रोज ठरवायची, आज सांगते. आणि रोज वाटायचं, अजून एक आठवडा होऊ दे.

त्या सतराव्या रविवारी त्यांनीच विषय काढला. फेस लावलेल्या तोंडाने म्हणाले, "रविवार सोडला की माणूस वाया जातो. आमच्या मंडळीत एक घंटेवाला होता. भला माणूस. शनिवारचं खूळ घेतलं डोक्यात."

माझा हात थांबला. "मग? काय झालं त्याचं?"

"काय होणार? गेला कुठेतरी."

"बर्फाच्या कारखान्यात गेला," मी म्हणाले. "चौदा वर्षं गारठ्यात उभा राहिला. त्याला पुरायला तुम्ही जागा दिली नाहीत. मी त्याची मुलगी."

ते हलले नाहीत. मी पुढचंही सगळं सांगितलं. एकेक वार सांगितला. आज रविवार आहे, काल शनिवार होता, काल तुम्ही कोट घालून बसला होतात तो शनिवार होता, त्याच्या आधीचाही, त्याच्याही आधीचा. बोलताना माझा आवाज चढत गेला. भांडीवाली स्वयंपाकघरातून पळाली असावी, कारण नळ तसाच वाहत राहिला.

त्यांनी गालावरचा फेस बोटाने चाचपला. मग म्हणाले, "किती?"

"सतरा. आजचा धरून."

"आजचा धरू नकोस. अजून सकाळ आहे. फेस पूस."

"अर्धी दाढी राहिलीय."

"राहू दे."

मी फेस पुसला. एक गाल गुळगुळीत, दुसरा पांढरा खरखरीत. असं ते ध्यान कोट मागून ताठ बसलं. मला वाटलं होतं रडतील, शिव्या देतील. निदान मुलाला फोन लावा म्हणतील. मीच म्हणाले, "एजन्सीला कळवते. उद्या दुसरी बाई येईल."

"नाही," ते म्हणाले. "सोळा रविवार तू घेतलेस. तूच भरून देशील."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी रोज रविवार सुरू केला. सोमवारी रविवार, मंगळवारी रविवार. सकाळी नऊला कोट, पायांत बूट, आणि पलंगावर नाही तर सरळ पाठीच्या लाकडी खुर्चीवर. अकरापर्यंत. डॉक्टरांनी अर्ध्या तासाच्या वर बसायला मनाई केली होती. पाय सुजले, माकडहाडापाशी जखम झाली. डॉक्टर माझ्यावरच ओरडले. साहेब म्हणाले, "तिला बोलू नका. ती माझ्या सांगण्यावरून करते." जखम मीच धुवायची, मलमपट्टी मीच करायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच खुर्चीवर मीच बसवायची. मध्ये शास्त्र वाचायचं तेही मीच.

वाचून झालं की जुंपायची.

"सातवा दिवस म्हणजे शनिवार, हे तुमच्याच पुस्तकात आहे," मी म्हणायची.

"प्रभू मरणातून उठला तो रविवारी. ते कुणाच्या पुस्तकात आहे?"

"म्हणून आधीची आज्ञा रद्द झाली? कुणी केली? पंचांनी?"

"तू पाळतेस शनिवार?"

तीस वर्षांत मी एकही वार पाळला नव्हता. ड्युटीच्या चार्टवर असेल तो आपला वार.

"मग हे सगळं कशासाठी?"

"बाबांसाठी."

"तुझ्या बापाला तुझा सूड नको होता. त्याला शनिवार हवा होता," ते म्हणाले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, कारण ते खरं होतं, आणि ते बोलायचा हक्क जगात एकाच माणसाला नव्हता.

सूड त्यांनाही घेता येत होता म्हणा. पहिल्याच शनिवारी सकाळी हाक मारली. "सिस्टर, आज दाढी. नखं काढा. चादरी धुवायला घ्या, खिडक्या पुसा, कपाट आवरा."

"आज शनिवार आहे."

"म्हणूनच," ते म्हणाले. "आज रविवार मोजत नाही मी. शनिवार कामाचा दिवस."

दात-ओठ खात मी ते सगळं केलं. संध्याकाळी कंबर धरली. पुढच्या शनिवारी त्यांनी यादी सुरू केली तशी मी म्हणाले, "औषध, जेवण आणि बेडपॅन. बाकी काही होणार नाही." आणि स्वयंपाकघरात जाऊन मांडीवर हात ठेवून बसले. दिवसभर बसले. देवासाठी नाही, त्यांच्या नाकावर टिच्चून. पण दुपारी कधीतरी लक्षात आलं, की मी बाबांसारखी बसलेय, आणि मला रडू फुटलं. बाहेरच्या खोलीत ऐकू गेलं असणार. ते मोठ्याने म्हणाले, "बापावर गेलीस." तिसऱ्या शनिवारी त्यांनी मला काही काम सांगितलं नाही.

खरे रविवार सोडून तीन आठवड्यांत पंधरा झाले. सोळावा सोमवारी आला. कोट आता खांद्यांवर लोंबत होता. दोन तास बसताना त्यांचे ओठ पांढरे पडले, तरी पाठ खुर्चीला टेकली नाही. अकरा वाजले.

"झाले," मी म्हणाले. "फिटले. आता झोपा."

"थांब. पंचांच्या खोलीत काय झालं ते तुला माहीत नाही."

"नाव काढलंत. आणखी काय?"

"आम्ही अकरा जण बसलो होतो. तुझा बाप उभा होता. एक खुर्ची रिकामी होती. त्या वेळचे पाळक म्हणाले, त्याला बसू द्या, दिवसभर राबलाय. मी म्हणालो, आधी एक शब्द, मग खुर्ची."

"कोणता शब्द?"

"चुकलो. तेवढाच."

"बाबा म्हणाले नाहीत," मी म्हणाले.

"नाही. दोन तास उभा राहिला. पाय थरथरत होते त्याचे. मी पाहिलं. तेव्हा मला दिसत होतं."

बाबांनी हे कधी सांगितलं नव्हतं, आईलाही नाही. घरी आल्यावर पाय चेपून दे म्हणाले होते फक्त. मी चेपले होते, आणि मध्येच कंटाळून खेळायला पळाले होते.

"तुम्ही चुकलात का?" मी विचारलं.

"दिवसाबद्दल? नाही. रविवारच."

"आणि खुर्चीबद्दल?"

मी वाट पाहिली, अगदी मनापासून पाहिली. मग त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"उठा," मी म्हणाले.

त्यांना कळलं. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. मी काखेत हात घालून त्यांना उचललं. फिजिओथेरपीवाला त्यांना दोन माणसं धरून मिनिटभर उभं करायचा. आता मी एकटीच होते. उभे राहिल्यावर मी पायाने खुर्ची मागे ढकलली. ती फरशीवर करकरली, तो आवाज त्यांनी नीट ऐकला.

"एक शब्द," मी म्हणाले, "मग खुर्ची."

त्यांची हनुवटी माझ्या खांद्याच्या वर होती. श्वास धापेचा झाला होता. एक मिनिट गेलं, दोन गेली. मोडलेला पाय थरथरायला लागला, मग दुसरा. एकदा ओठ हलले. मी कान दिला, पण शब्द नव्हता, नुसता श्वास होता. चार मिनिटं झाली. सगळा भार माझ्या हातांवर आला, तरी मान ताठच होती.

मी हात काढून घेतले नाहीत. बसा, असंही म्हणाले नाही.