अठरा फुटांची केबल

"पाहून घ्या सगळे!" बोटीत गुडघ्यांवर बसलेला संघपाल मोठ्यानं म्हणाला.

चाकापासून बोटीच्या कडेनं मागं ओढत आणलेली स्टिअरिंगची नवी कोरी केबल इंजिनाच्या दोन फूट अलीकडेच संपली होती. तिचं टोक त्यानं मेलेल्या सापासारखं उचलून धरलं.

"चार वर्षं इंजिनिअरिंग केलं म्हने. अन् मागवली कमी लांबीची! आता हे दोन फूट काय माह्या हातानं धरून बसू?"

धक्क्यावर उभ्या असलेल्या विहंगचे कान लाल झाले. तो बोट क्लबचा मॅनेजर होता, सत्तावीस वर्षांचा. चार वाजता मालक गोपाळराव पाहुणे घेऊन यायचे होते आणि क्लबची एकुलती एक मोटरबोट बिनस्टिअरिंगची उभी होती.

"काका, आज जुनीच लावता येईल का?"

"जुनी?" संघपालनं काढून टाकलेल्या केबलकडे हनुवटीनं खुणावलं. तिचं वरचं आवरण फाटलं होतं, आतल्या तारेवर गंज चढला होता. "मधात तलावात तुटली का बोट सरळ भिंतीवर. पाहुने तुमचे, तुम्ही ठरवा."

विहंग फोन कानाला लावून बाजूला गेला.

संघपालला बरं वाटलं. आयुष्यात त्याला मनापासून करता येणाऱ्या दोन गोष्टी होत्या, इंजिन दुरुस्त करणं आणि माणसांना तुच्छ लेखणं. बावीस वर्षांपूर्वी इतवारीतल्या पंपांच्या दुकानातून तो इथं आला, तेव्हा बोटीचं इंजिन उघडायची कोणाची छाती नव्हती. त्यानं ते एकट्यानं उघडलं, चालू केलं, आणि तेव्हापासून तलावाच्या काठावरचं प्रत्येक माणूस त्याच्या हिशेबी बिनकामाचं ठरलं. पेडल बोटीत एकाच जागी गरगरत राहणारी जोडपी, चाकाला हात लावून फोटो काढून घेणारे ढेरपोटे, आणि दर दोन वर्षांनी बदलणारे, गळ्यात पट्टा अडकवलेले मॅनेजर. त्यांच्यातला हा विहंग तर त्याला पाण्यावर तरंगणाऱ्या वेफर्सच्या रिकाम्या पाकिटाइतकाही जड वाटत नसे.

तो हात पुसत तिकीट खिडकीपाशी आला. खिडकीत शामला बसायची. क्लबमध्ये तो जिच्याशी सरळ बोले अशी ती एकटीच.

"पाहिलं का वं शामला? कानापर्यंत लाल झाला गडी."

शामला हसली नाही. ड्रॉवरमधून तिनं एक कागद काढला आणि खिडकीच्या फटीतून त्याच्यापुढं सरकवला.

"भाऊ, हे तुमचंच अक्षर आहे नं?"

संघपालनं कागद हात लांब करून धरला, मग जवळ आणला, मग पुन्हा लांब केला. 'स्टेरिंग केबल, १६ फूट.' अक्षर त्याचंच होतं.

"हेच पाहून म्या दुकानाले फोनवर सांगतलं. तुम्ही बोलून राहिले तवा जाऊन जुनी केबल पाहिली. तिच्यावर अठरा हाय. इंग्रजी आठ, तुम्ही सहा वाचला."

संघपालनं कागद पुन्हा डोळ्यांपाशी नेला. महिन्याभरापूर्वी त्यानं जुन्या केबलवरचा छापील आकडा वाचला होता. टेप लावून मोजलं नव्हतं. मोजायचं कशाला, लिहिलेलं असतं. मोजतात ते शिकाऊ, असं तो स्वतःच सगळ्यांना सांगत आला होता. आकडा जरा धुरकट दिसला होता खरा. आकडा पुसट झालाय, असं त्यानं धरलं. आपले डोळे पुसट झालेत, हे त्याच्या मनात आलं नव्हतं.

"साहेबाले नाही माहीत," शामला हळू आवाजात म्हणाली. "फाडून टाकू का?"

पलीकडे विहंग फोनवर बोलत होता. "हो सर... नाही सर, संघपालकाकांची नाही. मीच ऑर्डर नीट तपासली नाही. माझीच चूक आहे, सर."

संघपालला हे ऐकवलं नाही. पोरगा भांडला असता, केबलवाल्यावर ढकलून मोकळा झाला असता, तर संघपालनं कागदाचे तुकडे करून तलावात सोडले असते आणि संध्याकाळी घरी जाऊन पोटभर जेवला असता. पण ज्याला आपण कवडीचा समजत नव्हतो, त्यानं आपल्या चुकीखाली मुकाट्यानं मान घालावी, हे त्याला सहन होईना. तो तरातरा चालत गेला आणि कागद विहंगच्या पुढं धरला.

"सांगा मालकाले. आकडा म्या चुकीचा लिवला. अठराचे सोळा वाचले."

विहंगनं फोन खाली घेतला. कागद वाचला. मघाशी कानांवर असलेली लाली आता त्याच्या डोळ्यांत उतरली.

"आणि तिथं सगळ्यांसमोर मला बोलत होतात?"

"हो."

"आकडा दिसत नाही तुम्हाला, काका. बोटी तुमच्या भरवशावर सोडतो आम्ही." विहंगनं आवाज चढवला नव्हता, तेच जास्त लागलं. "घरी बसायचं वय झालंय तुमचं. अंगात एवढी मस्ती कशाची आहे तेच कळत नाही."

संघपालकडे उत्तर होतं. बावीस वर्षांचं उत्तर होतं. पण तो बोटीत उतरला आणि आखूड केबल गुंडाळू लागला.

पाहुणे त्या दिवशी काठावर बसून भजी खाऊन गेले.

बरोबर मापाची केबल आठ दिवसांनी आली. संघपालनं इंजिनावरची केबल जाते ती नळी घासून घासून साफ केली, आत ग्रीस भरलं, केबल ओवली, नट आवळले. चाक एका बोटानं फिरू लागलं. विहंगनं ते फिरवून पाहिलं, मान हलवली आणि सांगितलं, की एक तारखेपासून इंजिनाला कामठीचा दुसरा माणूस येईल. काकांनी धक्क्यावर लाइफ जॅकेट बघायची. संघपालनं डोळे तपासून चष्मा आणला, तरी ते बदललं नाही.

एक तारखेला दुपारी बोट धक्क्याला लागली, नवा माणूस चाकावर. रांगेत सर्वांत पुढं एक आडव्या अंगाचे गृहस्थ होते, पांढरे बूट, मनगटावर जाड सोनं. संघपालनं पुढं केलेलं जॅकेट त्यांनी परत सरकवलं.

"अरे हटा, मले पोहता येते."

संघपालनं त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. पूर्वी मॅनेजरांकडे पाहायचा, तसंच.

"सगळ्याइलेच येते," तो म्हणाला. "हात वर करा."

गृहस्थांनी हात वर केले. संघपाल वाकला, त्यानं पट्टे एकेक करून ओढले, प्रत्येक बकलाचा खटका अंगठ्यानं दाबून पाहिला, आणि मग बाजूला होऊन त्यांना बोटीत जायला वाट दिली.