कोल्ह्याची ओटी

विभावरीच्या डोक्यात तिडीकच गेली. कंपनीच्या कामासाठी दोन आठवडे जपानला गेलेला नवरा आखातातल्या अल सद्दच्या घरी परतला, आणि बॅगेतून काढलं काय, तर मूठभर तांदूळ!

"ओटीचे आहेत," श्याम चाचरत म्हणाला. "तिकडे इनारी म्हणून देवता आहे. भात पिकवते, मूलबाळही देते. आईने कुठेतरी वाचलं. म्हणाली, ओटी भर, त्यातले मूठभर परत आण आणि विभाला शिजवून घाल."

"आणि तू भरलीस?"

"गाभाऱ्याचं दार बंद होतं गं. मूर्ती दिसेना. बाहेर दगडी कोल्हे होते, देवीचे सेवक. मग त्यातल्या एकाची..."

"कोल्ह्याची ओटी भरलीस? अरे देवा!"

हसावं की कपाळ बडवून घ्यावं, तिला कळेना. सात वर्षं सासूबाई नाशिकहून एकेक नवस सांगत होत्या आणि ही मुकाट्याने पाळत होती. सोळा सोमवार कधीच झाले, तरी सोमवार काही सुटेना. काढे पिऊन तोंडाची चव गेली. आणि रिपोर्ट? तो पहिल्याच वर्षी आला होता. विभावरी ठणठणीत होती, दोष श्यामच्यात होता. "आईला मी सांगतो," म्हणाला होता. सांगतोय अजून! तिकडे गावभर वांझ ठरली ती ही. विमानात बसतानासुद्धा शपथ घेऊन गेला होता, आल्यावर नक्की सांगतो म्हणून. आणि आला तो हे घेऊन.

"खलास! आता बास," ती म्हणाली. तिने तांदूळ धुतले आणि कुकर लावला.

संध्याकाळी सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा भाताचं ताट श्यामपुढे होतं.

"अगं, ओटीचा भात बाईने खायचा असतो!"

विभावरीने फोन पाण्याच्या तांब्याला टेकवला, बरोबर नवऱ्याच्या तोंडासमोर. "सांगतोस, की मी सांगू?"

श्यामने ताट जवळ ओढलं. "आई, हा मीच खायला हवा. दोष माझ्यात आहे. सात वर्षांपूर्वीच कळलं होतं."

सासूबाई फोनच्या अगदी जवळ आल्या.

"हिला मी एवढे उपास करायला लावले," त्या म्हणाल्या, "आणि तू हिच्यासमोर बसून जेवत होतास?"

विभावरीला रडू फुटलं.

"विभा, रडू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "उद्या सोमवार आहे. तू पोटभर जेव. उपास तो धरेल."